पहिलं रोमन नाणं घ्यायचंय? मग खिशात हात घालायच्या आधी हे वाचा

रोमन नाणी म्हटलं की लोकांना वाटतं हे काम एकतर म्युझियमवाल्यांचं नाहीतर गर्भश्रीमंतांचं. तसं अजिबात नाहीये. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, म्हणजे जवळपास सतराशे वर्षांपूर्वीचं ब्राँझचं नाणं, चेहरा स्पष्ट, अक्षरं वाचता येतात असं, युरोपातल्या बऱ्या डीलरकडे साधारण १५ ते ४० युरोला मिळून जातं. आपल्याकडच्या काही शिवराया याच्यापेक्षा महाग जातात. कारण साधं आहे, ही नाणी अफाट संख्येनं पाडली गेली, आजच्यासारख्या बँका नव्हत्या म्हणून लोकांनी मडक्यात भरून जमिनीत पुरली, मग लढाया झाल्या, स्वाऱ्या झाल्या, आणि पुरणाऱ्यांपैकी बरेच जण ती काढायला परत आलेच नाहीत.

त्यामुळे पैसा हा मुद्दाच नाही. गडबड होते ती क्रमात. नवीन माणूस आधी विकत घेतो आणि मग हे काय आहे म्हणून विचारत फिरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की नाणं आधी वाचायला शिका आणि जे तुम्हाला स्वतःला वाचता येतं तेच घ्या. बाकी खाली जे काही लिहिलंय ते या एका नियमाभोवतीच आहे.

पायरी १: कशापासून लांब राहायचं ते आधी ठरवा

सोनं सोडा. ऑरियस म्हणजे रोमन सोन्याचं नाणं, ऑगस्टसच्या काळात पावणेआठ ग्रॅमच्या आसपास वजन, आणि आज एका बऱ्या नाण्याला लाखांत पैसे पडतात, वर परदेशातून सोनं मागवायचं म्हणजे कस्टम्सचा वेगळाच व्याप.

दुसरा सापळा म्हणजे "बारा सीझर". ज्यूलियस सीझरपासून डोमिशियनपर्यंत बारा जणांचं एकेक नाणं जमवायचं, हे जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचं स्वप्न असतं आणि ऐकायला भारी वाटतं, पण यात ओथो नावाचा गडी आहे ज्यानं इ.स. ६९ मध्ये जेमतेम तीन महिने राज्य केलं, रोमच्या टांकसाळीनं त्याची तांब्या-पितळेची नाणी पाडलीच नाहीत, म्हणजे त्याच्यासाठी बहुधा चांदीचा डिनेरियसच घ्यावा लागतो आणि तो स्वस्त कधीच नसतो. कॅलिग्युलाच्या चांदीचंही तेच. सेटमधली सात-आठ नाणी पटापट होतात आणि मग माणूस वर्षानुवर्षं अडकून बसतो, किंवा वैतागून झिजलेला, चेहरा न ओळखता येणारा ओथो घेतो. करायचं तर करा, पण सुरुवात यानं नको.

तिसरं, "अनक्लीन्ड लॉट". म्हणजे मातीसकट वीस-पंचवीस नाणी एका पिशवीत, घरी आणा आणि स्वतः साफ करा. लॉटरीची मजा असते हे मान्य, पण त्यातली चांगली नाणी आधीच कुणीतरी वेचून घेतलेली असतात, आणि बऱ्याचदा हा माल बाल्कन देशांतल्या शेतांमधून मेटल डिटेक्टर लावून चोरून खणलेला असतो. मी या वाटेला जात नाही आणि कुणाला सुचवतही नाही.

पायरी २: मग घ्यायचं काय?

मी म्हणेन चौथ्या शतकातलं ब्राँझ. स्वस्त आहे, मुबलक आहे, कुठल्या शहरात पाडलं ते नाण्यावरच लिहिलेलं असतं, आणि एवढ्या स्वस्त मालात नकली बनवायला फार कुणाला परवडत नाही.

ते जमलं की मग तिसऱ्या शतकातले अँटोनिनियानस बघा. हे नाणं सम्राट कॅराकॅलानं इ.स. २१५ च्या सुमारास काढलं, ओळखायची खूण म्हणजे सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा काटेरी मुकुट. नाणं दोन डिनेरियसच्या किमतीचं होतं असं मानतात पण चांदी मात्र जेमतेम दीडपट, म्हणजे सरकारनं जनतेला टोपी घातली. तिसऱ्या गॉर्डियनचे (२३८ ते २४४) अँटोनिनियानस अजून बऱ्यापैकी चांदीचे दिसतात आणि भरपूर मिळतात. तिथून पुढं घसरण अशी की सम्राट गॅलियेनसच्या शेवटच्या वर्षांत चांदी दोन-चार टक्के उरली, बाकी सगळं तांबं आणि वरती चांदीचा हलका हात. पण याच गॅलियेनसची प्राण्यांची मालिका आहे, हरीण, सेंटॉर (अर्धा माणूस अर्धा घोडा), ग्रिफिन (गरुडाच्या तोंडाचा सिंह), पंखांचा घोडा असले प्राणी मागच्या बाजूला, देवदेवतांना रक्षणासाठी साकडं घातलेलं, लोक तिला प्रेमानं झू म्हणतात. साम्राज्य चहूबाजूंनी फाटत होतं आणि नाण्यांवर हरणं चरत होती. मला ती फार आवडतात.

चांदी हवीच असेल तर सेप्टिमियस सेव्हेरस, त्याची बायको ज्यूलिया डॉम्ना, अलेक्झांडर सेव्हेरस, किंवा थोडं आधीचा अँटोनिनस पायस, यांचे डिनेरियस तिसऱ्या-चौथ्या खरेदीला ठीक आहेत. मोठं पितळी सेस्टर्शियस हातात घेतलं की वजन जाणवतं, पंचवीस ग्रॅमच्या आसपास असतं, पण ही रोजच्या वापरातली नाणी, घासून घासून गुळगुळीत झालेली, त्यामुळे चांगलं मिळालं तर किंमत एकदम चढते.

पायरी ३: नाणं वाचायला शिका (इथं वेळ घालवा)

पुढच्या बाजूला सम्राटाचा चेहरा आणि कडेनं गोल अक्षरं. सुरुवात बहुतेक वेळा डावीकडे खालून, घड्याळात सात वाजतात तिथून, आणि काट्याच्या दिशेनं वाचत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडलेली असेलच असं नाही. यू हे अक्षर नाहीये, त्याच्या जागी व्ही. आणि सगळी संक्षिप्त रूपं, कारण जागा तेवढीच.

सुरुवातीच्या दोन शतकांत आय-एम-पी म्हणजे इम्परेटर (सेनापती-सम्राट), ए-व्ही-जी म्हणजे ऑगस्टस (सम्राटाची पदवी), पी-एम म्हणजे मुख्य पुरोहित, टी-आर-पी म्हणजे ट्रिब्यूनचे (जनतेच्या प्रतिनिधीचे) अधिकार, सी-ओ-एस म्हणजे कॉन्सल (रोमचा सर्वोच्च पदाधिकारी), डबल पी म्हणजे राष्ट्रपिता. यात टी-आर-पी सगळ्यात कामाचं, कारण हे अधिकार दरवर्षी नव्यानं मिळायचे आणि पुढे आकडा असला की नाणं नेमकं कुठल्या वर्षाचं ते कळतं. मोठ्या पितळी-तांब्याच्या नाण्यांवर मागे एस आणि सी अशी दोन मोठी अक्षरं दिसतील, ती सिनेटच्या ठरावानं या अर्थाची.

चौथ्या शतकात हे बदललं. आता सुरुवातीला डी-एन येतं, म्हणजे आमचे स्वामी, आणि शेवटी पी-एफ ए-व्ही-जी, धर्मनिष्ठ भाग्यवान ऑगस्टस. अजून गादीवर न बसलेल्या युवराजाला एन-ओ-बी सी, म्हणजे नोबल सीझर.

आता खरी कसरत. कॉन्स्टंटाइनच्या घराण्यानं मुलांची नावं ठेवताना पुढे सोळा-सतराशे वर्षांनी नाणी जमवणाऱ्यांचा काडीचाही विचार केलेला नाही. बाप (म्हणजे आपला कॉन्स्टंटाइनच, नाण्यावरच्या लॅटिनमध्ये) कॉन्स्टँटिनस, गादीवर आलेल्या तिघा मुलांपैकी मोठा कॉन्स्टँटिनस, मधला कॉन्स्टँटियस, धाकटा कॉन्स्टन्स, आणि आजोबा पण कॉन्स्टँटियस. फरक कसा करायचा ते सांगतो. नावाच्या शेवटी व्ही-एस आहे का बघा, नसेल आणि नाव ए-एन-एस वर संपत असेल तर धाकटा कॉन्स्टन्स. व्ही-एस असेल तर त्याच्या लगेच आधीचं अक्षर बघा, एन असेल तर कॉन्स्टँटिनस, आय असेल तर कॉन्स्टँटियस. कॉन्स्टँटिनस निघाला तर बाप की मुलगा? नावानंतर आय-व्ही-एन म्हणजे ज्युनियर लिहिलं असेल तर मुलगा, एम-ए-एक्स म्हणजे थोरला असेल तर इ.स. ३३७ पूर्वीच्या नाण्यांवर बाप. झिजलेल्या नाण्यावर नेमकं तेच एक अक्षर उडालेलं असतं हा मात्र ठरलेला नियम आहे, तेव्हा घेताना फोटोत तेवढी जागा झूम करून बघायची.

मागच्या बाजूला चित्र आणि त्याच्या खाली एक आडवी रेघ, रेघेच्या खालच्या छोट्या जागेत टांकसाळीची खूण. गाडीच्या नंबर प्लेटवर एमएच १२ दिसलं की आपण पुणे म्हणतो, तसं इथं टी-आर म्हणजे ट्रियर (आजचं जर्मनी), एस-आय-एस म्हणजे सिस्किया (आजच्या क्रोएशियातलं सिसाक), ए-क्यू अक्विलेया, टी-एस किंवा टी-ई-एस थेसालोनिकी, एस-एम-के सिझिकस, एस-एम-एन निकोमेडिया म्हणजे तुर्कस्तानचं इझमित, एस-एम-ए-एन अँटिओक, ए-एल-ई अलेक्झांड्रिया. लंडनचीही टांकसाळ होती, पी-एल-ओ-एन अशी खूण, ती इ.स. ३२५ च्या सुमारास बंद झाली. या अक्षरांच्या मागे-पुढे एखादं जास्तीचं अक्षर असतं ते त्या टांकसाळीतल्या कारखान्याचा नंबर. पश्चिमेत पी म्हणजे पहिला, एस म्हणजे दुसरा, आणि पूर्वेत ग्रीक अक्षरं आकड्यासारखी वापरलेली.

एक खास खोच. सी-ओ-एन-एस दिसलं की सगळे कॉन्स्टँटिनोपल म्हणून मोकळे होतात. पण दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल शहराचं नाव इ.स. ३२८ च्या सुमारास बदलून काही वर्षं कॉन्स्टँटिना केलं होतं, त्यामुळे पी-सी-ओ-एन-एस-टी असं दिसलं, म्हणजे आधी कारखान्याचं लॅटिन अक्षर आणि शेवटी टी, तर ते आर्ल. सी-ओ-एन-एस आणि त्याच्यानंतर ग्रीक अक्षर, तर कॉन्स्टँटिनोपल. चांगले चांगले विक्रेते यात चुकीचं लेबल लावतात आणि ज्याला वाचता येतं त्याचं फावतं.

एक नाणं हातात घेऊन बघू

नमुन्याला "अर्ब्स रोमा" प्रकारचं नाणं घेऊ. इ.स. ३३० मध्ये कॉन्स्टंटाइननं नवी राजधानी कॉन्स्टँटिनोपल रीतसर सुरू केली आणि त्या निमित्तानं जोडीची दोन नाणी काढली, एक नव्या शहरासाठी आणि एक जुन्या रोमसाठी, की बाबांनो तुम्हाला विसरलो नाही. रोमचं जे आहे त्याच्यावर सम्राट नाहीच. पुढे डावीकडे तोंड केलेली शिरस्त्राणातली रोमा देवी, तुरा मागे झुललेला. मागे लांडगी, मान वळवून पोटाखालच्या दोन बाळांकडे बघतेय, रोम्युलस आणि रीमस. वरती दोन चांदण्या. रेघेखाली टी-आर-पी. इथं ट्रिब्यूनचे अधिकार नव्हेत, रेघेखाली आहे म्हणजे ट्रियर, पहिला कारखाना.

नाणं केवढंसं, आपल्या जुन्या पंचवीस पैशाच्या आसपास, सतरा-अठरा मिलिमीटर, वजन अडीच ग्रॅमच्या जवळ. दहा पटीच्या भिंगाखाली धरलं की चांगल्या प्रतीत लांडगीच्या मानेवर आणि खांद्यावर केसांच्या बारीक रेघा दिसतात, बाळांची डोकी नुसते ठिपके, पण हात वर उचललेले कळतात. झीज आधी होते ती रोमाच्या शिरस्त्राणावर आणि लांडगीच्या खांद्यावर, कारण तोच भाग सगळ्यात उंच. तिथं केस शिल्लक असतील तर नाणं फार फिरलेलं नाही.

आणि वजन का बघायचं, तर इ.स. ३३५-३६ च्या सुमारास सरकारनं ही सगळी छोटी नाणी हलकी केली, दीड-पावणेदोन ग्रॅमवर आणली. याच काळातला "ग्लोरिया एक्सर्सिटस" नावाचा दुसरा प्रकार आहे, सैन्याचा गौरव, त्याच्यावर दोन सैनिक आणि मधे दोन निशाणं असतात, वजन कमी झालं तसं निशाण एकच राहिलं. म्हणजे निशाणं मोजली तरी साल सांगता येतं.

मला विचाराल तर नवशिक्यानं हा एकच लांडगीचा प्रकार घ्यावा आणि जेवढ्या टांकसाळींचा मिळेल तेवढा जमवावा. प्रत्येक शहराची लांडगी वेगळी दिसते, कुठली धष्टपुष्ट, कुठली कुत्र्यासारखी, कुठली चक्क मेंढीसारखी. दहाएक नाणी झाली की तुमची नजर तयार होते, खर्च एका बऱ्या फोनच्या आत.

पायरी ४: फुकटात सराव

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीनं रोमन साम्राज्याच्या नाण्यांची सगळी यादी ऑनलाइन ठेवलीय, ऑक्रे म्हणतात तिला, फुकट आहे. सम्राट, टांकसाळ, धातू, अक्षरं टाकून शोधता येतं. तिच्यातले नंबर आरआयसी या दहा खंडांच्या जुन्या कॅटलॉगचे आहेत आणि जगभरचे डीलर हेच नंबर लेबलवर टाकतात. कॉन्स्टंटाइनसाठी सातवा खंड, ३१३ ते ३३७, आणि मुलांसाठी आठवा. छापील खंड महागडे आहेत, सुरुवातीला गरज नाही.

सराव असा करा. जुन्या लिलावांचे फोटो नेटवर पडलेले असतात, वर्णन झाकून नुसता फोटो बघायचा, सम्राट कोण, काळ कुठला, टांकसाळ कुठली हे वहीत लिहायचं आणि मग वर्णन उघडायचं. लागोपाठ दहातली आठ बरोबर यायला लागली की खरेदीला या. तोपर्यंत किमती पण आपोआप डोक्यात बसतात, कारण तिथं विकलं कितीला ते दिलेलं असतं. मागितलेली किंमत आणि विकली गेलेली किंमत यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पायरी ५: कुठून घ्यायचं

ज्या डीलरचं नाव आहे, जो नाणं खरं असल्याची कायमची हमी लेखी देतो आणि नकली निघालं तर पैसे परत करतो, त्याच्याकडून. व्हीकॉइन्स किंवा एमए-शॉप्स सारख्या ठिकाणी अशा बऱ्याच डीलरांची दुकानं एकत्र मिळतात. दोन-चार युरो जास्त जातील, जाऊ देत.

लिलावात उतरायचं तर गणित आधी करा. हातोडा पडला त्या किमतीवर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्याचं कमिशन, बहुतेक ठिकाणी वीस टक्क्यांच्या आसपास, मग पोस्टेज, विमा, मग भारतात येताना कस्टम्स. १०० युरोची बोली घरी येईपर्यंत १५० वर गेली तर आश्चर्य नको. विक्रेत्याला पाकिटावर कमी किंमत लिही किंवा गिफ्ट लिही असं सांगू नका, बेकायदा आहे आणि पाकीट हरवलं तर विम्याचे पैसेही तेवढेच मिळणार. काही डीलर भारतात पाठवतच नाहीत, तेव्हा आधी मेल करून विचारा. लंडन, न्यू जर्सीला राहणाऱ्यांची या बाबतीत मजा आहे, पण अमेरिकेतही काही देशांच्या पुरातन नाण्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत, तिकडच्यांनी ते बघून घ्या.

चोर बाजारात किंवा जुन्या बाजारात पाचशे रुपयांना मिळणारा "सीझर" हा नक्कल असतो, याच्यावर जास्त बोलत नाही.

पायरी ६: नकली कसं ओळखायचं

रोमन नाणी हातोड्यानं ठोकून बनलेली. गरम धातूची चकती खालच्या साच्यावर ठेवायची, वरून दुसरा साचा, दणका. त्यामुळे कडेला छोट्या भेगा पडतात, छाप थोडा एका बाजूला सरकतो, आणि अक्षरांच्या भोवती धातू वाहून गेल्याच्या बारीक रेषा दिसतात. ओतीव नकलेत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेल्या नकलेत, हे नसतं. तिथं पृष्ठभाग साबणासारखा मऊ, अक्षरांच्या कडा गोलसर, भिंगाखाली हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे, आणि कडेवरून फिरणारी जोडाची रेघ, किंवा ती रेघ घासून काढल्याच्या खुणा. कड नेहमी बघा. विक्रेत्यानं कडेचा फोटो टाकला नसेल तर मागा, तो टाळाटाळ करत असेल तर पुढे चला.

सगळ्यात पक्की खूण जोडीची. एकाच साच्यातून खरी नाणी हजारो निघाली, म्हणजे छाप सारखा असू शकतो, पण प्रत्येक चकतीचा बाहेरचा आकार, भेग, छाप सरकलेला असणं हे वेगवेगळंच असणार. दोन नाण्यांची भेगसुद्धा त्याच जागी असेल तर किमान एक तरी ओतीव आहे, आणि बहुतेक दोन्ही. म्हणून घ्यायच्या आधी त्याच प्रकारची दहा-वीस नाणी नेटवर शोधून शेजारी ठेवून बघायची.

काही नकला मात्र नीट साचे कोरून, ठोकून केलेल्या असतात. एकोणिसाव्या शतकात कार्ल विल्हेल्म बेकर नावाच्या जर्मन गृहस्थानं असले साचे इतके सुरेख कोरले की आता त्याच्या नकलाच लोक वेगळ्या जमवतात. असला माल भिंगानं नाही पकडता येत, तिथं डीलरची हमीच कामी येते.

आणखी दोन गोष्टी. आतून तांबं आणि वर चांदीचा पत्रा असलेला डिनेरियस दिसला तर तो आजचा नकली नाही, रोमन काळातलाच बनावट आहे, फुरे म्हणतात, स्वस्तात मिळतो आणि मजेशीर असतो. दुसरं टूलिंग, म्हणजे खऱ्या पण झिजलेल्या ब्राँझवर आज कुणीतरी सुईनं केस, डोळे, अक्षरं पुन्हा कोरायचं. सेस्टर्शियसमध्ये हे फार चालतं. केस नको इतके धारदार आणि गाल मात्र गुळगुळीत असेल तर संशय घ्या. वजनकाटा शतांश ग्रॅम दाखवणारा घ्या, ऑनलाइन चार-पाचशेत येतो, आलेलं प्रत्येक नाणं आधी तोलायचं.

पायरी ७: कागद आणि कायदा

नाणं कुठून आलं याचे कागद हा आता किमतीचाच भाग झालाय. २०२० मध्ये लंडनला ब्रूटसचं सोन्याचं नाणं, सीझरच्या खुनाचे दोन खंजीर आणि तारीख छापलेलं, ४० लाख डॉलरच्या वर विकलं गेलं, जगभर बातम्या झाल्या. मग मालकीचा इतिहास खोटा असल्याचं निघालं आणि २०२३ मध्ये नाणं ग्रीसला परत गेलं. आपण वीस युरोच्या गोष्टी करतोय हे खरं, पण सवय तीच ठेवा. बिल, जुनं लेबल, लिलावाचा लॉट नंबर, सगळं नाण्याबरोबर सांभाळा.

भारतात राहणाऱ्यांनी दोन कायदे माहीत ठेवावेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावशेष धरलं जातं, त्याचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि ते देशाबाहेर पाठवणं खाजगी माणसाला बंद आहे. म्हणजे परदेशातून मागवलेलं नाणं नंतर तिकडच्या लिलावात विकीन असा हिशेब करून घेऊ नका, आयातीचे कागद जपून ठेवा. दुसरा १८७८ चा गुप्तधनाचा कायदा. जमिनीत काही सापडलं आणि किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. "दक्षिणेत शेतात सापडलेली" रोमन नाणी कुणी दाखवली तर हात पण लावू नका.

आणि दक्षिणेत ती सापडतात हे खरंच आहे. थोरला प्लिनी हा रोमन लेखक पहिल्या शतकात कुरकुरत होता की भारत आपल्याकडून वर्षाला ५ कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो, मिरी, मलमल, रत्नं यांच्या बदल्यात. तमिळनाडू, केरळ, आंध्रात ऑगस्टस आणि टायबेरियसच्या डिनेरियसांचे ढीग मिळालेत, पुदुकोट्टईला १८९८ मध्ये सोन्याची पाचशेच्या आसपास नाणी निघाली आणि त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. चेन्नईच्या एग्मोरच्या म्युझियमचा रोमन संग्रह त्यासाठी बघण्यासारखा आहे. महाराष्ट्रात खरी रोमन नाणी मानानं कमी मिळतात. आपल्याकडं मजा वेगळीच, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रोमन नाण्यांवरून छाप घेऊन मातीची पदकं केलेली सापडलीत, वरती दोरा ओवायला कान, म्हणजे रोमचा सम्राट इथं गळ्यात घालायचा दागिना झाला होता. तेरला कधी गेलात तर तिथलं म्युझियम चुकवू नका. नाण्यांचा अभ्यास शिकायचाच असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आणि म्युझियम आहे.

पायरी ८: घरी आल्यावर

पहिलं आणि शेवटचं, घासायचं नाही. तांबं-पितळ दिसलं की आपला हात चिंचेकडे जातो, पीतांबरीकडे जातो, लिंबाकडे जातो. आईला, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर देवघरातल्या समईबरोबर तुमचा कॉन्स्टंटाइन पण लखलखून निघेल आणि किंमत शून्य होईल. हिरवी, तपकिरी, काळी जी पुटं चढलेली असतात ती पॅटिना, तीच नाण्याचं कातडं. माती असेलच तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही दिवस भिजवा, पाणी बदलत राहा, मऊ ब्रशनं हळू. बस्स.

एक आजार मात्र ओळखायला हवा. ब्राँझवर फिकट हिरवी, पोपटी पूड येते, नखानं खरवडली की भुरभुर पडते आणि काही दिवसांत परत येते. घट्ट, चकचकीत गडद हिरवं पॅटिना वेगळं, ही पूड वेगळी. धातूतले क्लोराइड आणि हवेतली ओल मिळून हे होतं, इंग्रजीत ब्राँझ डिसीज म्हणतात. असं नाणं लगेच बाकीच्यांपासून बाजूला काढा, पूड टोकदार लाकडी काडीनं काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बरेच दिवस भिजवा, पूर्ण वाळवा, मग कोरड्या डबीत नजरेखाली ठेवा. मुंबई-कोकणात पावसाळ्याचे चार महिने हाच मोठा शत्रू, तेव्हा हवाबंद डब्यात सिलिका जेल, आणि जूनच्या आधी ते बदला किंवा तापवून वाळवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांमधून तेलकट हिरवा चिकटा सुटतो, ती घेऊ नका, मायलर नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकची घ्या. ओक लाकडाचे ट्रे टाळा, त्यातून आम्ल सुटतं.

प्रत्येक नाण्याबरोबर एक छोटी चिठ्ठी ठेवा. सम्राट, टांकसाळ, साल, वजन, व्यास, आरआयसी नंबर, कुणाकडून, कधी, कितीला. किंमत लिहायला लाज वाटत असेल तर वेगळ्या वहीत लिहा, पण लिहा, आणि ती वही कुठं आहे ते घरातल्या एका तरी माणसाला माहीत असू दे, नाहीतर मागं राहिलेले लोक अख्खा डबा भंगारवाल्याला किलोनं देतात.